रंध्यात कोंडलेला आकार

इंग्लंड-अमेरिकेतल्या जुन्या हत्यारांच्या लिलावांत आणि गावोगावच्या संग्रहालयांत मोल्डिंगचे, म्हणजे लाकडाच्या कडेवर कंगोरे काढायचे, लाकडी रंधे रांगेने मांडलेले दिसतात. वीतभराहून किंचित लांब, अरुंद ठोकळे. तळ कुणाचा फुगीर, कुणाचा खोलगट, कुणाचा नागमोडी. पुढच्या तोंडावर बनवणाऱ्याचे नाव ठोकलेले आणि त्याच्या आसपास चार-दोन मालकांची नावे. त्यांच्याविषयी लिहिणारे बहुतेक एकाच सुरात लिहितात: यंत्र येण्यापूर्वी प्रत्येक दारावर, प्रत्येक खिडकीवर कारागिराच्या हाताची खूण असे आणि हे रंधे म्हणजे त्या युगाची शेवटची निशाणी. हा सूर कानाला गोड लागतो, पण पुरावा त्याला फारशी साथ देत नाही. अठराव्या शतकातल्या इंग्रजी मोल्डिंगच्या रंध्याने केले ते नेमके उलटे. कंगोऱ्याचा आकार कसा असावा, तो किती खोल जावा, पाते किती उभे बसावे, हत्यार किती कलते धरावे, हे सगळे निर्णय त्याने सुताराच्या हातातून काढले आणि रंधे बनवणाऱ्याच्या दुकानात नेऊन ठेवले. वाफेवर चालणारे मोल्डिंगचे यंत्र आले, तेव्हा एकसारखेपणा त्याने आणला असे म्हणता येत नाही. तो आधीच रुळलेला होता.

हे पटण्यासाठी हत्यार जरा जवळून पाहायला हवे. साधा रंधा सगळ्यांच्या ओळखीचा असतो: सपाट तळ, रुंद पाते, काम फळी गुळगुळीत करण्याचे. मोल्डिंगच्या रंध्याचा तळ म्हणजे हव्या असलेल्या कंगोऱ्याची उलटी छाप, आणि पात्याची धारही त्याच वळणाने घासलेली. पाते लाकडी पाचरीने आवळतात. छिलका वर न येता बाजूने बाहेर पडतो. तळाच्या एका कडेला खाली उतरलेली ओठासारखी पट्टी असते. ती फळीच्या बाजूला टेकून रंध्याला सरळ रेषेत ठेवते. दुसऱ्या कडेला एक खांदा असतो, तो फळीच्या पाठीवर टेकला की रंधा आणखी खोल जाऊच शकत नाही. सुतार फळीच्या लांबच्या टोकापाशी सुरुवात करतो, थोड्या थोड्या लांबीचे हात मारत मागे सरकतो आणि अखेरीस पूर्ण लांबीचे काही हात मारतो. आकार पुरा झाला की छिलका यायचा आपोआप थांबतो. कधी थांबायचे हे सुताराला ठरवावे लागत नाही. इंग्रजी रंधा उभा न धरता कलता धरायचा असतो, आणि किती कलता, ते सांगणाऱ्या रेघा बनवणाऱ्याने तोंडावर आखूनच दिलेल्या असतात. पात्याचा कोनही ठोकळ्यात कायमचा कोरलेला: मऊ लाकडाला ४५ ते ५० अंश, महोगनीसारख्या कठीण लाकडाला ५५ किंवा ६०. रुंद कॉर्निस, म्हणजे वरच्या कडेची कंगोऱ्याची पट्टी, काढायची असेल, तर एवढे लाकूड एका दमात कापणे एका माणसाच्या आवाक्याबाहेरचे असे. मग रंध्याच्या पुढच्या टोकाला दोरी किंवा आडवी दांडी लावून उमेदवार पोरगा ओढायचा आणि कारागीर मागून दाब द्यायचा. त्या पोराला कंगोरा म्हणजे काय हे ठाऊक नसले तरी कंगोरा बिनचूक निघत असे. या लेखाला जे म्हणायचे आहे, त्याचे निम्मे त्या पोरातच आले.

याच्या आधी काय होते, ते पाहिले की फरक कळतो. सोळाव्या-सतराव्या शतकात आणि खेड्यांत त्यानंतरही कितीतरी काळ सुतार कंगोरे काढायचा तो खरवडून. मोडक्या करवतीच्या पात्याचा तुकडा घ्यायचा, कानशीने त्याला हवा तो आकार द्यायचा, लाकडी मुठीत तो अडकवायचा आणि फळीच्या कडेवरून पुन्हा पुन्हा ओढायचा. काम सावकाश चाले, कंगोरा उथळ येई, पण आकार सर्वस्वी त्या सुताराचा. चौकटीच्या कोपऱ्यात दोन कंगोरे भेटत तिथे तर दगडी कामाची पद्धत होती: रंधा किंवा खरवडणी कोपऱ्याच्या अलीकडे थांबवायची आणि उरलेला कोपरा पटाशीने कोरून जुळवायचा. त्यामुळे प्रत्येक कोपरा वेगळा असे. रंध्याने फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तंतोतंत एकसारखा कंगोरा काढता येऊ लागल्यावर ही कोरणी संपली. आता दोन पट्ट्या ४५ अंशांत कापून जोडल्या की कोपरा तयार. त्याहून मोठा बदल म्हणजे कंगोरा चौकटीच्याच लाकडात काढण्याऐवजी तो वेगळ्या पट्टीवर काढून पट्टी मागाहून ठोकण्याची सोय झाली. कंगोरा आता फुटांवर मोजायची वस्तू झाला.

या सोयीला गिऱ्हाईकही मिळाले. १६६६च्या आगीत जुने लंडन जळाले आणि विटांचे नवे लंडन उभे राहू लागले. शतक संपता संपता वर-खाली सरकणाऱ्या सॅश खिडक्या आल्या, आणि अशा प्रत्येक खिडकीत काचा धरणाऱ्या बारीक लाकडी गजांचे जाळे असे. प्रत्येक गजाला दोन्ही बाजूंनी कंगोरा. बाल्टिक समुद्राकाठून आणि नॉर्वेहून मऊ लाकडाच्या फळ्या जहाजे भरभरून येत. ते लाकूड रंगवायचेच असल्यामुळे त्याच्या रेषांचे कौतुक कुणाला नव्हते. कंगोऱ्याची सावली नीट पडली की भागले. मग १७०७ आणि १७०९च्या कायद्यांनी आगीच्या भीतीपोटी इमारतीच्या बाहेरचे लाकडी कॉर्निस बंद केले आणि खिडक्या भिंतीत चार इंच आत सारायला लावल्या. बाहेरचे लाकूडकाम कमी झाले, तरी आतले पॅनेल, दारे, जिने, शेकोटीच्या चौकटी यांना कशाचीच आडकाठी नव्हती. एकाच आकाराची, एकाच मापाची हजारो फूट पट्टी हवी असलेला हा बाजार. यात सुताराने आपला कंगोरा आपणच कानशीने घडवत बसावे, ही अपेक्षाच गैर होती.

मग तो आकार घडवायचा कुणी? उत्तर म्हणून एक नवाच धंदा उभा राहिला. जोसेफ मॉक्सनने १६७० आणि ८०च्या दशकांत हप्त्याहप्त्याने छापलेल्या आपल्या ग्रंथात सुताराच्या रंध्यांचे वर्णन केले, त्यात मोल्डिंगचेही आले. पण रंधे बनवून विकणे हाच ज्यांचा पोटाचा उद्योग, असे लोक लंडनमध्ये १७००च्या सुमारास दिसू लागतात: थॉमस ग्रॅनफर्ड, आणि त्याच्याकडे उमेदवारी केलेला रॉबर्ट वूडिंग. गंमत म्हणजे यांच्या उमेदवारीच्या नोंदी सापडतात त्या जॉइनरांच्याच, म्हणजे दारे-खिडक्या घडवणाऱ्या सुतारांच्याच, संघाच्या दप्तरात. म्हणजे जॉइनरकीतूनच एक फांदी फुटली, आणि तिने उरलेल्या जॉइनरांना हत्यारे पुरवायला घेतली. पुढच्या शतकभरात ही फांदी किती वाढली, त्याचा अंदाज लंडनच्या ख्रिस्तोफर गॅब्रिएल या दुकानदाराच्या जपून राहिलेल्या मालाच्या याद्यांवरून येतो. ब्रिटनमधल्या रंधेकारांची नावे आज हजाराहून जास्त माहीत आहेत: यॉर्कचा व्हारव्हिल, ग्लासगोचा मॅथिसन अशी कितीतरी. ठोकळा बीच लाकडाचा, रेषा उभ्या येतील अशा बेताने चिरून वर्षानुवर्षे वाळवलेला. पाते शेफील्ड किंवा बर्मिंगहॅमचे. धारदार कडा पटकन झिजतात म्हणून तिथे बॉक्सवुडच्या कठीण चिपा तिरप्या बसवलेल्या. सुरुवातीला १० इंचांच्या आसपास भरणारी लांबी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात साडेनऊ इंचांवर स्थिरावली आणि नंतर शंभर-सव्वाशे वर्षे तिथून हलली नाही.

या दुकानात आकार कसा जन्माला येई, हे तर सगळ्यात बोलके आहे. रंधेकार प्रत्येक रंध्याचा तळ नव्याने आखत नसे. त्याच्याकडे त्या आकाराचा एक मूळ रंधा असे, तळ ग्राहकाच्या रंध्याच्या नेमका उलटा. त्या मूळ रंध्याने ठोकळ्याच्या तळावर हात मारले की नव्या रंध्याचा तळ तयार. असे मूळ रंधे अजून शिल्लक आहेत. म्हणजे सुताराने विकत घेतलेला रंधा ही स्वतःच एक छापील प्रत होती, आणि त्या रंध्याने काढलेली पट्टी ही प्रतीची प्रत. या साखळीत मूळ आकाराचा विचार एकदाच, एका जागी झाला. पट्टी ठोकणाऱ्यापासून ती जागा दोन पायऱ्या दूर होती.

तोंडावरचे नाव पुन्हा पाहिले तर त्याचा अर्थ बदलतो. ठळक, नीटस, आधी ठोकलेले नाव असते ते रंधेकाराचे. अमेरिकेतला सगळ्यात जुना नोंदलेला रंधेकार म्हणजे मॅसॅच्युसेट्समधल्या रेंथम गावचा फ्रान्सिस निकल्सन. त्याच्या दुकानात सीझर चेलर नावाचा गुलाम राबत होता. निकल्सन १७५३ साली वारला आणि मृत्युपत्राने चेलरला मुक्त करून गेला. सोबत कामाचे बाकडे, हत्यारे, लाकडातला वाटा आणि दहा एकर जमीन. त्यानंतर १७८४ साली मरेपर्यंत चेलरने रंधे बनवले, आणि आपले नाव ठोकताना त्याखाली रेंथममध्ये राहतो असेही कोरले. कालपर्यंत स्वतःच्या देहावर मालकी नसलेल्या माणसाने गावासकट आपले नाव बाजारात पाठवावे, याचे मोल कुणी कमी लेखू नये. पण त्या गावाजवळच्या एखाद्या घरातले दार कुणी केले, हे त्या दारावरून कळत नाही. कंगोरा कुणाच्या दुकानातून आला, हे मात्र रंधा सापडल्यास कळते. शिवाय चेलरचे आकार लंडनच्याच घराण्यातले. अटलांटिकपलीकडचे एक खेडेही त्याच मोजक्या वळणांत बोलत होते.

यावर पहिली हरकत येते ती खोल-गोल रंध्यांची. एक खोलगट तळाचा, एक फुगीर तळाचा, अशा जोडीला क्रमांक असे. पूर्ण संच १८ जोड्यांचा, अर्धा ९ जोड्यांचा. यांना ना टेकायची पट्टी, ना थांबवणारा खांदा. सुतार आधी फळीत पायऱ्या काढून घेई आणि मग या रंध्यांनी टप्प्याटप्प्याने कुठलेही वळण घडवी. मग निर्णय सुताराकडे नाही, असे कसे म्हणायचे? हरकत वजनदार आहे, आणि यातल्या कारागिरांचे कौशल्य वादातीत आहे. पण दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. एक, या जोड्यांतही वळणाची त्रिज्या क्रमांकाने बांधलेली. स्वातंत्र्य होते ते तयार तुकडे जुळवण्याचे. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. ही वळणे वर्तुळाच्या कमानी होत्या आणि रोमन धाटणीचे कंगोरेही वर्तुळाचेच, कंपासने काढता येणारे. जेम्स स्टुअर्ट आणि निकोलस रेव्हेट यांनी अथेन्सच्या अवशेषांवरच्या ग्रंथाचा पहिला खंड १७६२ साली काढला आणि पुढच्या दोन पिढ्यांत ग्रीक धाटणीचे वेड पसरले. ग्रीक कंगोऱ्याचे वळण लंबवर्तुळासारखे, एका बाजूला भरलेले आणि कडेला अरुंद, खोल खाच असलेले. असे वळण वर्तुळाच्या तुकड्यांनी अंदाजानेच गाठता येते. नेमके हवे असेल, तर त्याच आकाराचा स्वतंत्र रंधा विकत घेणे सोपे. त्या अरुंद खाचेसाठी तळाला पातळ ओठ लागतो, आणि बीचचा पातळ ओठ बघता बघता झिजतो. म्हणून तिथे बॉक्सवुडची चिप. ती बसवणे हे रंधेकाराचे काम, सुताराचे नव्हे. फॅशन जितकी नाजूक झाली, तितका सुतार दुकानावर अवलंबून राहिला.

यातच दुसऱ्या हरकतीचेही उत्तर आहे. कुणी म्हणेल, आकार गोठले असते तर शतकभर बदलले कसे? खिडकीचे गजच घ्या. अठराव्या शतकाच्या आरंभी दीड इंच आणि त्याहून जाड असलेले गज शतक संपताना अर्ध्या-पाऊण इंचावर आले, आणि साध्या पाव वर्तुळाच्या जागी टोकदार, निमुळते कंगोरे आले. जुन्या घराचे वय ठरवणारे तज्ज्ञ या बदलांवर विसंबतात. बदल झाले हे खरेच. पण ते आले लाटेसारखे. एखाद्या सुताराने हळूहळू हात बदलला आणि त्याच्या गावात वेगळी धाटणी रुजली, असे सहसा दिसत नाही. दिसते ते असे की नवा आकार नमुनाग्रंथांत येतो, रंधेकार तो विक्रीला आणतो, आणि मग सगळीकडे तो साधारण एकाच वेळी उगवतो. जेम्स गिब्जचा १७२८चा किंवा बॅटी लँग्लीचा १७४०चा नमुनाग्रंथ सुताराच्या हाती असला, तरी कागदावरची रेघ लाकडात उतरायला रंधा लागे, आणि तो रंधा विकत मिळे. आजवर गोठलेला आकार बाजूला ठेवून दुसरा गोठलेला आकार घ्यायचा, एवढाच हा बदल.

तिसरी हरकत मालकांच्या नावांची. एकेका रंध्यावर तीन-तीन, चार-चार मालकांचे शिक्के असतात, तर हे हत्यार किती जिव्हाळ्याचे, किती वैयक्तिक! जिव्हाळा असेलच, कामाच्या ठिकाणी दहा जणांचे सारखे रंधे एकत्र पडत असताना नाव ठोकणे हा सावधपणाही होताच. पण शिक्क्यांचा आणखी एक अर्थ निघतो. चार मालक म्हणजे ऐंशी-शंभर वर्षे. शेवटच्या मालकाच्या दारावर जो कंगोरा उमटला, त्याचा आकार तो जन्मण्यापूर्वी मेलेल्या रंधेकाराने ठरवला होता. काहींनी तळ पुन्हा घासून वेगळा आकार दिलाही. असे रंधे ओळखू येतात, कारण तळाची वळणे आणि तोंडावरच्या रेघा मग एकमेकींशी जुळत नाहीत. उलट रंध्यांचा संग्रह कसा होई, हे पाहायचे तर रॉचेस्टरच्या गिल्डहॉल संग्रहालयातली बेंजामिन सीटनची पेटी पाहावी. चॅटमच्या या तरुणासाठी त्याच्या बापाने डिसेंबर १७९६मध्ये गॅब्रिएलकडून हत्यारे घेतली; पोराने पेटी बनवून १७९७ साली यादी पुरी केली, आणि पुढे हत्यारे फारशी वापरलीच नाहीत. म्हणून ती आजही जवळपास कोरी आहेत. कारागिराची ओळख घडण्याआधीच त्याच्या कंगोऱ्यांचा सबंध खजिना एका खरेदीत घरी आला होता.

कौशल्याचे काय, हे राहतेच. रंधा चालवणे सोपे आहे असे मुळीच नाही. आकाराप्रमाणे वळणदार दगड घेऊन पात्याला धार लावायची आणि तरीही ते तळाशी तंतोतंत जुळले पाहिजे. एक वळण जास्त घासले गेले तर रंधा अडखळतो किंवा एकाच बाजूने कापतो. गाठाळ लाकूड, उलट्या रेषा, पावसाळी हवेत फुगलेला ठोकळा, या सगळ्यांशी हातच झुंजतो. पण हे कौशल्य ठरलेला आकार अचूक उतरवण्याचे आहे, आकार ठरवण्याचे नाही, आणि याच दोन गोष्टींची गल्लत जुन्या हत्यारांवरच्या भाबड्या लेखनात होते. इंग्रज अभियंता सॅम्युअल बेंथम याची ही गल्लत झाली नव्हती. त्याने १७९१ आणि १७९३ साली लाकूडकामाच्या यंत्रांची पेटंटे घेतली. फिरत्या पात्यांनी मोल्डिंग काढण्याची कल्पना त्यात होती. ही यंत्रे चालवायला त्याच्या आणि त्याचा भाऊ, तत्त्वज्ञ जेरेमी, याच्या डोळ्यांसमोर होते ते तुरुंगातले कैदी, म्हणजे उमेदवारी न केलेले हात. हा हिशेब त्याला सुचला, कारण आकार हत्यारात असला की हात कुणाचाही चालतो, हे रंध्याने आधीच दाखवले होते. दोरी ओढणारा पोरगा आणि बेंथमचा कैदी यांत अंतर फारसे नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोल्डिंगच्या वाफेवरच्या गिरण्या वाढल्या आणि पट्ट्या क्रमांकाने, फुटाने विकल्या जाऊ लागल्या. लाकडी रंधे लगेच संपले नाहीत. मॅथिसनच्या १८९९च्या कॅटलॉगात ते अजून पानोपानी आहेत. अमेरिकेत स्टॅनलीने १८८४पासून ‘क्रमांक ४५’ आणि १८९७पासून ‘क्रमांक ५५’ हे लोखंडी रंधे विकले. दुसऱ्यासोबत पन्नासाहून अधिक पाती येत, म्हणजे अख्खी रॅक एका पेटीत. त्यांचा तळ मात्र आकाराचा नव्हता, नुसत्या पातळ पट्ट्या; त्यामुळे लाकूड लाकडी रंध्याइतके स्वच्छ कापले जाईना. या लोखंडी रंध्यांनी लाकडी रंध्याची जागा पुरती घेतली असती, तर शंभर वर्षांनी कुणी जुने लाकडी रंधे शोधत फिरले नसते. ते फिरतात दुरुस्तीसाठी. जॉर्जियन घरातली तीन-चार फूट पट्टी कुजली, तर तेवढ्यासाठी गिरणीत नवी पाती घासून यंत्र जुळवण्याचा खर्च परवडत नाही. मग सुतार जुन्या बाजारात जाऊन तळ पट्टीवर लावून बघत त्याच वळणाचा रंधा निवडतो. तो रंधा दुसऱ्याच शहरातला, दुसऱ्याच मालकाचा असला तरी पुष्कळदा जुळतो, आणि केसभर फरक राहिलाच तर रंगाचा एक हात तो झाकून टाकतो.